सील न फोडलेलं खोकं

ओसाकातल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात म्हाताऱ्या कुरामोचींनी कापडाची गाठ सोडून कन्सोलचं खोकं पुढे ठेवलं. दुकानाच्या मालकीणबाई तोमोए यांनी आधी पांढरे हातमोजे चढवले.

"सील शाबूत? आजोबा, हा कन्सोल तर औषधालासुद्धा मिळत नाही."

"मिळणार कसा? तेव्हा याला कुत्रं विचारत नव्हतं. दुकानांतून परत आलेला माल आम्ही कंपनीतल्या लोकांनीच यंत्राखाली चिरडला. हा ज्यानं घडवला तो इसोबे एकेका खोक्यापुढे कमरेत वाकून माफी मागत होता. हे एक मी मागे ठेवलं."

"चिरडलात ते बरंच झालं. म्हणून तर आज याला भाव आहे."

इसोबे गेल्याच महिन्यात गेला. कुणीतरी एकदा मनापासून खेळावं, एवढंच तो शेवटपर्यंत म्हणत होता.

"घेणारा खेळेल ना यावर?"

"छे हो. सील फुटलं की किंमत निम्मी. काळजी नको, याला आता कुणी बोटसुद्धा लावणार नाही."

कुरामोची उठले आणि खोक्यापुढे कमरेत वाकले. आपलेच आभार मानताहेत असं वाटून तोमोएबाईही हसतमुखाने वाकल्या.