दर्शनी भिंत

सरकारला घाई झाली की ती घाई मंत्रालयात फार वेळ थांबत नाही. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला अशी उतरत उतरत ती सगळ्यात खाली जो उभा असेल त्याच्या मानगुटीवर बसते. त्या वर्षी ती रवींद्रच्या मानगुटीवर बसली. रवींद्र घरकुलांवरचा कंत्राटी इंजिनिअर. अंबाडीच्या आजूबाजूची अकरा गावं त्याच्याकडे, नेमणूक दर खेपेला अकरा महिन्यांची, आणि राहायला भिवंडीत धामणकर नाक्यामागे भाड्याची एक खोली. तिथे बायको मनाली, सातव्या महिन्यातली. वरून फर्मान आलं की रखडलेली सगळी घरकुलं नव्वद दिवसांत पूर्ण करा. आता घर म्हणजे काय भाकरी आहे, आच वाढवली की लवकर फुगायला? पण हे विचारायचं कुणी?

तालुक्याचे साहेब रोज संध्याकाळी ग्रुपवर यादी टाकायचे. झालेलं घर हिरव्या ओळीत, न झालेलं लाल. ज्याच्या नावापुढे लाल ओळी जास्त, त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्यानं हजामत व्हायची. रवींद्रच्या लाल ओळींत एक ओळ मीराबाईची होती, आणि मीराबाई त्याची सख्खी आत्या.

नुसती नात्यानं आत्या नव्हे. रवींद्रच्या गावाहून कॉलेजला जायला एसटी नव्हती, तेव्हा डिप्लोमाची तीन वर्षं तो हिच्याकडे राहिला. नवरा यादव गेलेला, पोटी मूल नाही, पदरी शाळेत खिचडी शिजवण्याचं काम. तिनं त्याला एक दिवस उपाशी कॉलेजला पाठवलं नाही. नोकरी लागल्यावर त्यानं तिचं नाव घरकुलाच्या यादीत घातलं, तेव्हा सगळ्या बौद्धवाडीला तिनं पेढे वाटले होते.

तिचं जुनं घर कुडाचं, पण ठणठणीत होतं. कौलं दरवर्षी चाळलेली, जमीन सारवलेली. ते पाडायला लावलं रवींद्रनंच. पहिल्या फोटोत मोकळी जागा दिसल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

"आत्या, वाडीत पहिलं पक्कं घर तुझं," तो म्हणाला आणि स्वतः वर चढून कौलं उतरवली. मीराबाईनं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि मागच्या बाजूला ताडपत्री ताणून चूल मांडली. चार महिन्यांचा तर प्रश्न होता.

चाराचे चौदा झाले. आणि मोहीम लागल्यावर तर कामाचा वेग वाढायच्या ऐवजी काम बसलंच, कारण एकाच वेळी शंभर घरं उभी करायला शंभर गवंडी लागतात हे फर्मान काढणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पंचक्रोशीत धड गवंडी चार. तिघं भिवंडीजवळच्या पूर्ण्याला गोदामांच्या कामावर पक्के. उरला काळूराम. त्यानं तेरा घरं अंगावर घेतली आणि कुणाला नाराज करायचं नाही म्हणून आज इथे दोन थर, उद्या तिथे दोन थर असं सुरू केलं. सगळ्यांच्या भिंती कमरेपर्यंत आल्या, पण डोक्यावर छप्पर कुणाच्याच आलं नाही.

सत्त्याऐंशीव्या दिवशी साहेबांनी रवींद्रला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट होतं.

"तुमची नेमणूक या महिन्यात संपते ना? मला परवापर्यंत सगळं हिरवं दिसू दे. कसं ते मला सांगू नका."

रवींद्र बाहेर येऊन मोटरसायकलवर नुसताच बसून राहिला. मोबाइलमधलं ॲप त्याला पाठ होतं. घराच्या जागेवर उभं राहायचं, लाभार्थी पुढे, घर मागे, समोरून एक फोटो. जागा बरोबर आहे की नाही ते ॲप उपग्रहावरून तपासायचं. घराला मागची बाजू असते हे मात्र ॲपला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानं काळूरामला गाठलं, आणि दोन दिवसांत मीराबाईच्या जोत्यावर फक्त पुढची भिंत उभी राहिली. तिला दार बसलं, खिडकी बसली, वरून पुढे दोन पत्रे आले, आणि गिलावा ओला असतानाच तिला आकाशी रंग लागला. बाकीच्या तीन भिंती होत्या तिथेच, कमरेपर्यंत. समोरून बघितलं तर अस्सं घर की दृष्ट लागावी. बाजूनं बघितलं तर हात लावून ढकलावीशी वाटणारी एकटी भिंत.

मीराबाई दारातून आत गेली आणि आभाळाकडे बघत उभी राहिली. "रवी, हे रं काय?"

"फोटोपुरतं, आत्या. आठ दिवसांत बाकीचं करून देतो. माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुज्यावर न्हाय तर कोनावर ठेवू?" म्हणत ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि फोटोत हसलीसुद्धा. संध्याकाळी तिची ओळ हिरवी झाली.

तालुका जिल्ह्यात पहिला आला. साहेबांना शाल मिळाली, नारळ मिळाला, रवींद्रला पुढचे अकरा महिने मिळाले. मोहीम होती तोवर साहेबांच्या एका फोनवर भट्टीवाला विटांचा ट्रॅक्टर पाठवत होता. मोहीम संपली तसे फोन थांबले आणि ट्रॅक्टरही थांबले. काळूराम पूर्ण्याला गोदामाची फरशी करायला गेला. रवींद्रला मुलगी झाली, तिचं नाव रिया ठेवलं. आत्याकडे जायला त्याला वेळ मिळेनासा झाला. खरं सांगायचं तर वेळ होता, तोंड नव्हतं. अंबाडीला जायचं झालं की तो वाडी टाळून लांबच्या रस्त्यानं जायचा.

चार महिन्यांनी तपासणी लागली. मुंबईहून रुचिरा नावाच्या मॅडम येणार, कुठलीही वीस घरं उघडून बघणार. त्या विसांत मीराबाईचं नाव निघालं. आदल्या दिवशी रवींद्रला वाडीत जावंच लागलं.

मीराबाई ताडपत्रीखाली तांदूळ निवडत होती. वाळली होती. त्याला बघून तिनं आधी रियाची चौकशी केली. मग त्यानं तपासणीचं सांगितलं.

"बरं झालं बाबा," ती म्हणाली. "त्या बाईला सांगते सगळं. कोन तरी बगंल."

रवींद्रनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सांगितलंस तर माझी नोकरी जाईल, आत्या. कदाचित पोलीस केससुद्धा होईल."

"आन न्हाय सांगितलं तर?"

"तर... कागदावर तुझं घर झालंय. झालेल्या घराला परत काही मिळत नाही."

"आठ दिस म्हनला व्हतास."

तिनं चहा टाकला आणि नेहमीसारखी त्याच्या कपात साखर जास्त घातली. निघताना त्यानं दोनदा मागे वळून बघितलं, पण ती काय करणार ते त्याला कळलं नाही. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा दुपार कलली होती. हे त्यांचं नववं घर. चपला धुळीनं माखलेल्या, हातात फोन, पण बाई सज्जन होत्या. मीराबाई आकाशी भिंतीच्या उंबऱ्यात बसली होती. दार तिच्या पाठीमागे लोटलेलं. वाडीतली बायामाणसं आपापल्या दारांत उभी होती, पण जवळ कुणी आलं नाही. रवींद्रनं आधीच मॅडमची गाडी भिंतीच्या बरोबर समोर उभी करवली होती.

"मावशी, आत येऊन बघू का जरा?"

"कालच कोबा केलाय, बाई. ओला हाय. पाय उमटतील."

मॅडम थबकल्या. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप मीराबाईच्या पाठीवर पडली होती. आतून कधी ऊन येतं का? मॅडमनी ती तिरीप बघितली, मग रवींद्रकडे बघितलं.

मॅडम मीराबाईसमोर उकिडव्या बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कुणी दम दिलाय का? घाबरू नका. काही राहिलं असेल तर आत्ता सांगा. मी लिहून घेते, घर पूर्ण करून द्यावं लागेल त्यांना. एकदा का मी सही केली, की मग माझ्या हातात काही नाही."

मीराबाईनं मान वर केली आणि रवींद्रकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. तो कॉलेजातून उशिरा यायचा तेव्हा वाटेकडे डोळे लावून बसायची, तशी बघत राहिली. एक शब्द पुरे होता. मॅडम, चूक माझी आहे, एवढंच. रवींद्रच्या ओठांपर्यंत ते आलंही असेल. मग त्याला धामणकर नाक्याची खोली आठवली, रियाचा पाळणा आठवला, आणि त्यानं खिशातून फोन काढून उगाच त्यात बघायला सुरुवात केली.

"न्हाय बाई," मीराबाई म्हणाली. "दम कोन देनार? माज्या भाच्यानं सोता उभं ऱ्हाऊन बांधलंय. समदं झालंय."

मॅडमनी सुस्कारा सोडला. फोनवर दोन-चार ठिकाणी बोट टेकवलं, सही केली आणि गाडीत जाऊन बसल्या.

रवींद्र पुढे झाला. "आत्या, तुझे उपकार... मी काहीतरी करतो. या महिन्यात नक्की काळूरामला..."

"उपकार कसले रं?" मीराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "माजं तर ठरलं व्हतं काल रातीच, तुजी भाकरी काडायची न्हाय. पन ती बाई बोलली तवा मला वाटलं, आता तू बोलशील. तू बोलावंस म्हनून थांबले व्हते. घरासाटी न्हाय."

ती दारातून पलीकडे गेली, दार लावलं आणि आतून कडी घातली. कडी सरकल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. भिंतीला वळसा घातला असता तर चार पावलांत तो तिच्यासमोर उभा राहिला असता, तिच्या पाया पडू शकला असता. वाडीतली माणसं बघत होती. तो बंद दारासमोरच उभा राहिला, आणि वळसा घालायची त्याची छाती झाली नाही.