रेस्टिव्ह म्हणजे निवांत

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे गुपचिळी म्हणत. रुजू झाल्यावर कितीतरी दिवस ती 'हो' आणि 'झालं' यांखेरीज काही बोललीच नाही, तेव्हा मास्तरांनी तिला 'अळीमिळी गुपचिळी' म्हणून हाक मारली आणि ती चिकटली. मास्तर तरी कुठे मास्तर होते? ते तिथले जुने तंत्रज्ञ. पण दिवसातून कोणाला तरी काही तरी समजावून सांगितल्याशिवाय त्यांचं अन्न पचत नसे, म्हणून ते मास्तर.

टिपकागद किती ओला हवा, कोंब वाकडा आला तर तो मोजणीत धरायचा की सोडायचा, बुरशी बियाण्यातली की हाताळणीतली, हे सगळं गुपचिळी त्यांच्याकडूनच शिकली होती. तिच्या बाळंतपणानंतरच्या दिवसांत ती उशिरा आली, तर तिचे ट्रे उगवणीच्या कपाटातून काढून मोजायला ठेवलेले असत. कोणी ठेवले, हे विचारायची गरज नसे.

यंदा दोघंही पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते. त्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचा एक वेगळा पेपर असे आणि त्यात ठरलेले गुण पडले नाहीत तर विषयाचा पेपर कोणी उघडूनही बघत नसे. मास्तर याआधी दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा तिथेच आपटले होते, थोडक्यात. वयाच्या अटीमुळे यंदाची त्यांची वेळ शेवटची. आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या हाताखाली यंदा जागा होती एकच. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर दोघंही बोलत नसत.

तरी मास्तरच आपण होऊन म्हणाले की जेवणाच्या सुट्टीत शब्द करू, एकट्याने पाठ करायला बसलं की मला झोप येते.

त्यांची पद्धत कानाची होती. शब्द ऐकायचा आणि त्यात मराठी काय सापडतं ते बघायचं. पॉसिटी म्हणजे टंचाई, कारण अख्ख्या सिटीत एकच पाव. मेंडेशस म्हणजे थापाडा, कारण मेंढ्या राखणारा तो पोरगा, लांडगा आला रे. गॅर्युलस म्हणजे बडबड्या, गारुडी आठव. गुपचिळीला हसू यायचं आणि शब्द डोक्यात पक्का बसायचा. जिथे मराठी सापडत नसे तिथे मास्तर इंग्रजीचाच आधार घेत. एनर्व्हेट? एनर्जी ऐकू येतंय ना, मग जोम आणणे. नॉइसम? नॉइज, गोंगाट करणारा. मेरिट्रिशस? मेरिट, गुणवान. आणि रेस्टिव्ह म्हणजे रेस्टमध्ये असलेला, निवांत.

डबा संपेपर्यंत ते असे शब्द फेकत आणि ती झेलत असे. पुष्कळ दिवसांनी काही तरी जमतंय असं तिला वाटू लागलं होतं.

एका शनिवारी दुपारी ती वाचनालयात गेली. तिथल्या संगणकावर सराव चाचणी देता येई. त्यात एक वाक्य होतं की वादळ जवळ येऊ लागलं तसे तबेल्यातले घोडे रेस्टिव्ह झाले, तर ते कसे झाले? तिने बेधडक 'शांत' निवडलं. पडद्यावर लाल फुली आली. यंत्रच चुकलं असणार, असं तिला आधी वाटलं. मग वादळात घोडे शांत कसे होतील, हा विचार जरा उशिराच आला. तिने कपाटातला जाडा शब्दकोश उतरवला. रेस्टिव्ह म्हणजे बेचैन, आवरेना असा झालेला. तिने एनर्व्हेट काढला. जोम आणणे नव्हे, गळाठून टाकणे. नॉइसम म्हणजे घाण वासाचा. मेरिट्रिशस म्हणजे वरवर भपकेदार, आत काही नाही. एकेक पान उलटताना तिचे कान तापत गेले. मराठीवरून बांधलेले शब्द सगळे बरोबर होते. इंग्रजीवरून बांधलेले बरेचसे उलटे.

वाचनालयातून बाहेर पडेपर्यंत तिच्या मनात एकच वाक्य फिरायला लागलं होतं. हा माणूस माझा केसाने गळा कापतोय.

तिला ते पटत नव्हतं आणि मानगुटीवरून उतरतही नव्हतं. जागा एक. माणूस दोनदा आपटलेला. आणि त्यानेच आपण होऊन शिकवायला घेतलेलं. कोणी उगाच कशाला प्रतिस्पर्ध्याला शिकवेल? पण मग ते ट्रे? ते कपाट? ती घरी आली आणि ओटा पुसू लागली. मग गॅसचे बर्नर काढून घासले. मग पुन्हा ओटा.

"अगं, तो ओटा आहे, पाटी नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुसून पुसून अक्षरं उमटणार आहेत का?"

सोमवारपासून तिने दुहेरी खेळ सुरू केला. मास्तरांनी विचारलं की त्यांच्यासमोर त्यांचं उत्तर द्यायचं आणि घरी जाऊन खरं उत्तर पाठ करायचं. नॉइसम? गोंगाट करणारा. शाब्बास. हे 'शाब्बास' ऐकताना ती त्यांच्या डोळ्यांत बघायची. तिथे काही दिसायचं नाही, भाजीचा घास चावणारा एक माणूस दिसायचा. त्याने तिची तगमग वाढायचीच. एवढं सहज खोटं बोलता येत असेल, तर हा फारच पोचलेला. कामावरही लक्ष लागेना. एकदा तिने दोन ट्रेंच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. मास्तरांनी त्या बघितल्या, बरोबर लावल्या आणि पुढे गेले. ती दिवसभर त्याचाच अर्थ लावत बसली.

त्याच आठवड्यात भांडारातले काका निवृत्त झाले. छोटासा निरोप होता. मोठ्या बाई बैठकीला गेल्या होत्या, त्या शेवटी येणार होत्या. हॉलमधल्या फळ्यावर लिहायचं काम अर्थातच मास्तरांचं. त्यांनी रंगीत पेनांनी, वळणदार अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं, 'वुई विश यू अ रेस्टिव्ह रिटायरमेंट.' खाली एक फूलही काढलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी विचारलं की त्या मधल्या शब्दाचा अर्थ काय. मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की आयुष्यभर भांडाराच्या जिन्यावरून वरखाली केलंत, आता नाही पळायचं कुठे, अगदी रेस्टिव्ह राहायचं. काकांचे डोळे भरून आले.

गुपचिळी भिंतीला टेकून उभी होती. लबाडी करणारा माणूस असं फळ्यावर लिहीत नाही. तेही मोठ्या बाई येणार असताना. मास्तरांना खरोखरच तसं वाटत होतं. ते स्वतःही तेच पाठ करत होते, तेच लिहीत होते, आणि म्हणूनच दोनदा थोडक्यात आपटले होते.

सगळे बशा घेण्यात गुंतले तेव्हा तिने फडकं घेतलं आणि फळा पुसून टाकला. मोठ्या बाई आल्या तेव्हा तिथे फक्त खालचं फूल उरलं होतं.

आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पहिल्या रात्री तसं वाटलंही. सकाळी मात्र दुसरंच काही तरी समोर येऊन बसलं. मास्तरांना सांगितलं तर ते एवढे गुण घेतील की यंदा पेपर पार करतील. नाही सांगितलं तर पुन्हा आपटतील, आणि जागा तिची. त्यासाठी तिला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर तिला जन्मापासून जमत होतं.

नवरा इस्पितळात एक्स-रे काढायचा. त्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला की परीक्षा आहे, लग्नाची पंगत नाही, ज्याने त्याने आपलं ताट बघायचं. शब्दकोश काय कुलुपात आहे? ते उघडून बघू शकतात. आणि हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्यात कसलं शहाणपण? त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. ती रोज ते स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवायची आणि रोज त्यात कुठे तरी खडा लागायचा.

सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं. पण घर लहान, भिंती पातळ. एका संध्याकाळी लेकराला मांडीवर थोपटत त्या म्हणाल्या, "सांग नाही तर नको सांगूस, त्यात मी पडणार नाही. पण एक काय ते ठरव, बाई. भोवऱ्यासारखी फिरतेयस घरात. बघणाऱ्याला घेरी येते."

परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी मास्तर उगवणीच्या कपाटापाशी ट्रे बघत उभे होते. कपाटाचा दिवा त्यांच्या चष्म्यावर पडला होता. ती जवळ गेली आणि एका दमात म्हणाली, "मास्तर, रेस्टिव्ह म्हणजे निवांत नाही. बेचैन."

ते हसले. म्हणाले की परीक्षा जवळ आली की असं होतं, सगळं उलटं वाटायला लागतं. तिने एनर्व्हेट सांगितला. नॉइसम सांगितला. मेरिट्रिशस सांगितला. कानाला इंग्रजी शब्द ऐकू आला म्हणून धरलेला जो जो शब्द चुकला होता, तो तिने सांगितला. तिला सगळे पाठ होते. मास्तरांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी ट्रे आत ठेवला, कपाटाचं दार लावलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काकांच्या निरोपाच्या आधीपासून."

"म्हणजे मी ते लिहिलं तेव्हा तू तिथे होतीस. फळा तूच पुसलास."

"हो."

"आणि रोज माझ्यासमोर चुकीचं उत्तर देत होतीस. का?"

खोटं सांगायला कितीतरी सोपी उत्तरं होती. तुमचा मान राखायला. धीर झाला नाही. पण इतक्या दिवसांच्या त्या आतल्या फिरण्याने ती इतकी थकली होती की तोंडातून खरंच बाहेर पडलं.

"वाटलं होतं, तुम्ही मुद्दाम चुकीचं शिकवताय."

मास्तरांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि वजनकाट्याच्या खोलीत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते जेवायला भांडाराच्या पायऱ्यांवर बसू लागले. समोर जाडा शब्दकोश असे. गुपचिळी आपल्या टेबलाशी एकटीच बसून शब्द करायची. ते डोक्यात राहायचे नाहीत, कारण त्यांच्यावर हसायला कोणी नव्हतं.

परीक्षा केंद्रावर दोघं समोरासमोर आले. मास्तरांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तेवढीच.

निकाल लागला. इंग्रजीचा पेपर दोघांनीही पार केला, मास्तरांनी जेमतेम. मग मुलाखती झाल्या. मोठ्या बाईंनी कामाचा अनुभव धरला आणि जागा मास्तरांना दिली. हे त्यांनी गुपचिळीला स्वतः बोलावून सांगितलं, छान शब्दांत सांगितलं. ती 'हो' म्हणाली आणि प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडली. आपण चांगलं केलं असं काही तिला वाटलं नाही. मूर्खपणा केला असं वाटलं आणि राग आला, स्वतःचा, मास्तरांचा, मोठ्या बाईंचा, नवऱ्याचाही, कारण त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. घरी नवऱ्याने 'मी सांगितलं होतं' हे शब्द काढले नाहीत. लेकराला आंघोळ घातली, पोळ्या लाटल्या, त्याही बऱ्यापैकी गोल. तिला त्याने आणखीच भरून आलं.

"पश्चात्ताप होतोय का?" त्याने जेवताना विचारलं.

"होतोय," ती म्हणाली. पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "पण सांगितलं नसतं तर चैन पडली असती, असं नाही वाटत."

महिन्याभराने मास्तर कपाटाच्या किल्ल्या परत द्यायला आले. आता ते मोठ्या बाईंचे विद्यार्थी म्हणून विद्यापीठात बसणार होते. किल्ल्या दिल्या, हजेरीवर सही केली, सगळ्यांशी बोलले, आणि शेवटी तिच्या टेबलापाशी आले. ती कोंब मोजत होती. मास्तरांनी ट्रेवर नजर फिरवली. मग हळू आवाजात म्हणाले की तू बोलली नसतीस तर मी याही वेळी आपटलो असतो, हे मला कळतं. उपकार मी विसरणार नाही.

"मला राग तू उशिरा सांगितलंस त्याचा नाही आला," ते म्हणाले. "जागा एकच होती, मीही कदाचित वेळ काढला असता. पण तू मला तसला माणूस समजलीस."

"थोडेच दिवस," ती म्हणाली.

"थोडे दिवसही पुष्कळ होतात गं."

माफी मागावी असं वाटलं आणि नेमकी कशाची मागावी ते सुचेना. मास्तरांनी विचारलं की पुढे काय. तिने सांगितलं की दुसऱ्या एका संस्थेत अर्ज केलाय, तिथल्या बाई बियाण्यातल्या बुरशीवर काम करतात, परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. मास्तर 'चांगलं आहे' म्हणाले. एक कोंब त्यांनी बोटाने दाखवला, हा धरू नकोस, मूळ सडलंय. मग गेले.

दार बंद झाल्याचा आवाज आला. गुपचिळीने तो कोंब बाजूला काढला. पुढच्या ओळीत कितीपर्यंत आली होती ते तिला आठवेना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मधेच चुकली. खुर्ची मागे सरकवून ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि ट्रे पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.