तीन सह्यांचं पाणी

धरणाच्या कार्यालयात मला सगळे जावई म्हणतात. मी मुळात खालच्या शहराच्या पाणीपुरवठ्याचा माणूस. पगार तिकडचा, खुर्ची इकडे. एकाच नदीच्या पाण्यावरून धरणवाले, कालवेवाले आणि शहरवाले दहा वर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते. शेवटी तह झाला. तिघांचा एकेक माणूस एकाच टेबलाशी बसणार आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय धरणाचा दरवाजा हलणार नाही. माझ्या सहीचा अर्थ एवढाच, की खाली नदीपात्रात कुणी नाही.

पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांचे आकडे पोलिसांसारखे तपासायचो. मग चहा एकत्र झाला, डबे एकत्र झाले आणि आमचं इतकं गूळपीठ जमलं, की प्रत्येकाने वीस-वीस कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवल्या. कुणी रजेवर गेलं तर काम अडायला नको. बाहेरचे पाहुणे आले की वरिष्ठ आमच्या टेबलाकडे बोट दाखवायचे, "सहकार्य शिकायचं तर यांच्याकडून." आम्ही फुशारून जायचो. मूर्ख कुठले!

त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला. ती शहराच्या उपसा विहिरीवर इंजिनीअर आहे. नदीचं पाणी जिथून विहिरीत येतं, तिथली जाळी साफ करायला ती दोन माणसं घेऊन उतरणार होती.

"दादा, साडेदहा ते एक मी खाली आहे. पाणी सोडू नका हं."

"बरं बाई," म्हटलं आणि गाल धरून डॉक्टरकडे गेलो. परत आल्यावर सांगू, असा हिशेब. आज पाणी सोडायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

पावणेबाराला बधिर गाल घेऊन परतलो, तर खिडकीच्या काचा थरथरत होत्या. दरवाजा उघडा असला की त्या थरथरतात. टेबलावर फॉर्मची प्रत होती आणि तिसरी सही माझी.

"कालव्याची तातडीची मागणी आली," आमच्या टेबलावरचे धरणवाले साहेब म्हणाले. "सव्वाअकराला नदीत सोडलं. तुझी सही होतीच."

"खाली माझी बहीण आहे," मी म्हणालो. बधिर जिभेमुळे शब्द धड फुटेनात, दोनदा सांगावं लागलं.

पाणी विहिरीपर्यंत पोचायला पन्नास मिनिटं लागतात. तीस गेली होती.

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणजे कालवेवाल्यांचा माणूस, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. सोडलेलं पाणी मध्येच बंद करायलाही तिघांच्या सह्या लागतात, हे कलम त्यांनीच हट्टाने घालून घेतलेलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघताय? बंद करा आधी!" मास्तर ओरडले.

साहेब धावले. पण निघालेलं पाणी दरवाजा बंद केल्याने मागे फिरत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

बहिणीचा फोन लागेना. विहिरीत रेंज नसते. शहरातल्या कार्यालयात कारकुनाने फोन उचलला.

"विहिरीवरचा भोंगा वाजवलात का?"

"नाही बुवा. कागदावर आपल्याच माणसाची सही असली की आम्ही कुठे विचारत बसतो? फाइलला लावला."

"अरे बाबा, भोंगा वाजव! गाडी पाठव! ती आत आहे!"

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं. मी फोन कानाला लावून बसलो. इतका घाबरलो होतो, की आईला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो आणि मला स्वतःचीच किळस आली. शेजारी मास्तर घड्याळ बघून मोठ्याने मिनिटं मोजत होते. "गप्प बसा हो!" मी खेकसलो. ते गप्प बसले, तर तेही सहन होईना.

पाणी पोचायची वेळ टळून गेली. बारा वाजून अकरा मिनिटांनी मोबाइल वाजला.

"दादा." तिला धाप लागली होती. "तिघंही वर आलोय. मी शिडीवरच होते तेव्हा जाळी उखडून आत आली."

मला रडूच फुटलं. "भोंगा ऐकलास ना?"

"ऐकला. पण आधी वाटलं, चुकून वाजतोय. पाणी सुटल्याचं मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"दोर न्यायला वर आले होते ना, तेव्हा मोबाइलवर ऑफिसकडून फॉर्मचा फोटो आला. त्यावर तुझी सही. म्हटलं, मी आत आहे हे दादाला माहितीये, म्हणजे हे पाणी आपल्याकडे येणारच नाही. परत उतरले. तू बघूनच केली होतीस ना सही?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. खोटं बोलता आलं असतं.

"नाही गं," मी म्हणालो. "ती मी चार महिन्यांपूर्वीच करून ठेवली होती."

फोनमधून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.