चिमणीच्या दातांची खडीसाखर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यासमोरच्या भिंतीवर 'उष्टे खाऊ नये' हे वाक्य मी स्वतःच्या हाताने, निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक विचारतात, मार्तंड सर, तुम्हाला एवढंही कळत नव्हतं का? कळत होतं. भिंत बघा.

वसमतला तालुक्याची समूहगीत स्पर्धा होती आणि तिला तीन आठवडे उरले होते. गेल्या वर्षी आम्हाला 'सहभागाबद्दल' प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि ते देताना गटशिक्षणाधिकारी साहेब हसले होते. ते हसू माझ्या डोक्यात वर्षभर बसून होतं. पण यंदा माझ्याकडे पुनम होती. चौथीतली काटकुळी पोरगी, पण तिने वरचा सा लावला की शेजारच्या शेतात हळद काढणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या. अख्खं गाणं तिच्या जिवावर होतं.

आणि नेमका तिचाच घसा धरला. ताप, गिळताना दुखणं, मानेला गाठी. तिच्या आजीने, नर्मदाबाईने, तिला त्याच दिवशी वसमतला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी पुनम शाळेत आली, तर रणजीत आडवा. मग मुकुल, मग सेवा. अकरा जणांच्या गटात आठ उरले, आणि त्या आठांतही दोघे बेसुरे.

माझं डोकं फिरलं. आधी मी फाटकाशी बोरं विकणाऱ्या गोजरबाईची पाटी हाकलली. मग माठावरचा पेला कपाटात कुलूप लावून ठेवला आणि पोरांना ओंजळीने पाणी प्यायला लावलं. तरी साथ थांबेना. मग मी पुनमला उभं केलं. "हे तुझ्यापासून सुरू झालंय," म्हणालो. "आता व्हरांड्यात बसायचं. गाण्यात तू नाहीस."

ती रडली नाही. दप्तर घेऊन बाहेर जाऊन बसली. आत गाणं सुरू झालं की तिचे ओठ हलायचे. पोरांचं लक्ष जातं म्हणून मी तेही बंद करायला लावलं. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई आली. "सर, पोरीला काहून भाईर बसवलं?"

"तिच्यामुळे सगळ्यांना झालं, आजी."

"व्हय? अन् तिला कोणामुळं झालं?"

म्हातारीचा प्रश्न मला आगाऊ वाटला. मी हजेरीपटात डोकं घातलं.

बाकी पोरांना मी काही कमी पडू दिलं नाही. दर सोमवारी मी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातो. येताना खडीसाखर आणतो, कारण गाणाऱ्याच्या घशाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. खडे मोठे आणि पोरांची तोंडं लहान, म्हणून खडा रुमालात धरायचा, दाढेखाली कटकन फोडायचा आणि तुकडे वाटायचे. मध्ये कापड असलं की ते चिमणीच्या दातांनी तोडलेलं होतं, उष्टं होत नाही, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सूर बराबर लावील त्याला पहिला तुकडा. घसा दुखत असेल त्याला दोन. माझाही घसा महिनाभर खवखवत होता, पण पस्तीस पोरांवर दिवसभर ओरडणाऱ्या मास्तरचा घसा खवखवणारच.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या अनुश्री डॉक्टरांना मीच बोलावलं. दोष पुनमचा आहे हे एखाद्या डॉक्टरच्या तोंडून यावं, एवढाच माझा हेतू.

बाईंनी एकेकाच्या घशात बॅटरी मारली, काडीच्या कापसाने नमुने घेतले. म्हणाल्या, "स्ट्रेप नावाचा जंतू वाटतोय. खोकल्यातून, थुंकीतून पसरतो. औषध दहा दिवस पुरं घ्यायचं. दुर्लक्ष केलं तर पुढे सांधे धरतात, हृदयालाही लागतं." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "ही बाहेर का?"

"साथ हिच्यापासून सुरू झाली."

बाईंनी पुनमला औषधाचं विचारलं. "हिचं औषध चालू होऊन आठ दिवस झाले. एक दिवस औषध पोटात गेलं आणि ताप उतरला की मूल शाळेत बसू शकतं." मग त्या पोरांकडे वळल्या. "कुणी कुणाचं उष्टं खातं का?"

"न्हाई मॅडम," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं आणि भिंतीकडे बोट केलं. इतका एकसूर तालमीतही लागला नव्हता. माझी छाती फुगली.

तेवढ्यात आजारातून उठलेला रणजीत म्हणाला, "फक्त सरांची खडीसाखर खातो, मॅडम. सर दाढेनं फोडून देतेत. पर ती उष्टी न्हाई, चिमणीच्या दाताची हाय."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, रुमाल बघू."

मी खिशातून काढला. तो ओला होता.

"आ करा."

मी आ केला. बाईंनी माझाही नमुना घेतला. पस्तीस पोरं टाचा उंचावून माझ्या घशात बघत होती.

"पहिला तुकडा कुणाला मिळायचा?" बाईंनी विचारलं. रोज पुनमलाच मिळायचा, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आले; तोवर पुनमला मी बाहेरच ठेवलं होतं. माझ्याही घशात तोच जंतू होता. नर्मदाबाई वाटेत भेटली, एवढंच म्हणाली, "काखंत कळसा अन् गावाला वळसा, सर."

गोळ्या सुरू करून एक दिवस पोरांपासून लांब राहा, असं बाईंनी बजावलं होतं. पण मला राहवलं नाही. सकाळी पहिली गोळी घेतली आणि शाळेत गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी होती. पुनम, तू काही केलं नव्हतंस. आत ये, गाणं तुझं आहे."

ती दप्तर घेऊन उठली, दारात थांबली. "सर, तुमचं औषध कवा सुरू झालं?"

"आज सकाळी."

"मग आज तुमी भाईर बसायचं. मॅडम म्हणल्यात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी लावलेला नियमच ती मला सांगत होती. मी बाहेर गेलो आणि तिच्या जागेवर बसलो. तिथून समोर भिंतच दिसते, निळ्या अक्षरांची. हे वाक्य वाचत ती इतके दिवस इथे बसली होती, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

आत गाणं सुरू झालं. पुनमने वरचा सा लावला. शेतातल्या बायकांनी माना वर केल्या. माझा हात सवयीने खिशात गेला, पण रुमाल घरी दोरीवर वाळत होता. मग नकळत मीही गुणगुणायला लागलो.

गाणं थांबलं. पुनम दाराशी आली.

"सर, ओठ बी हलवायचे न्हाई," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं.