उरलेल्या सात गोळ्या

मित्रांनो, लांबूनच ऐका, मला हात लावू नका. मी एक जुनी, अर्ध्यावर सोडून दिलेली गोळ्यांची पट्टी आहे. माझ्या दहा खळग्यांपैकी एक रिकामा आहे, दोन कापून नेलेले आणि सात भरलेले. माझ्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली. राग मात्र अजून ताजा आहे, आणि तो मी आज काढणार आहे. काढणारच!

एका कारखान्यात यंत्राने माझ्या पोटात लाल-पिवळ्या कॅप्सूल बसवल्या आणि वरून चांदीसारखा कागद चिकटवला. मला एक जुळी बहीण होती. २००६ सालच्या मार्च महिन्यात मीरा रोडच्या एका औषधाच्या दुकानातून आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडलो. आम्हाला घेतलं कांताबाईने. ती मूळची नांदेडकडची, नवरा नागोराव बँकेत शिपाई. त्यांची नऊ वर्षांची मुलगी संघप्रिया तापाने फणफणली होती आणि तिचा घसा इतका सुजला होता की तिला थुंकी गिळवत नव्हती. पण तिला काळजी वेगळीच होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती लेझीम खेळणार होती, तीही पहिल्या रांगेत.

"डॉक्टरबाई, चौदा तारखेपर्यंत मी बरी होईन ना?" तिने चिरक्या आवाजात विचारलं.

डॉक्टर सुरुची यांची पद्धत अशी, की औषधं दुकानातून आणून आधी त्यांना दाखवायची. म्हणून मी तेव्हा त्यांच्या टेबलावरच होते आणि पुढचं सगळं माझ्या समोर घडलं. त्यांनी कागदावर मण्यांची माळ काढली आणि प्रत्येक मण्याला बारीक बारीक केस काढले.

"हे बघ बाळा, हे तुझ्या घशातले जंतू. स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात यांना. आणि हे केस म्हणजे त्यांच्या अंगावरची प्रथिनं. सगळी बदमाशी यांचीच. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या सोसायटीच्या वॉचमनसारख्या फिरत असतात. अनोळखी कुणी दिसला की त्याला गिळून टाकतात. पण हे जंतू काय करतात माहितीये? आपल्याच रक्तातली प्रथिनं त्या केसांवर ओढून घेतात."

"म्हणजे वॉचमनला वाटतं, हे आपल्याच बिल्डिंगमधले?"

"शाब्बास! आणि याच प्रथिनांनी ते घशाच्या पेशींना घट्ट चिकटतात. काही तर पेशींच्या आत शिरून बसतात. तिथे औषध नीट पोचत नाही. ते बाहेर आले की मगच मरतात." मग त्या कांताबाईकडे वळल्या. "म्हणून सकाळी एक, संध्याकाळी एक, पूर्ण दहा दिवस. ताई, ताप दोन दिवसांत जाईल. तरी बंद करायच्या नाहीत."

"न्हाई बंद करत," कांताबाई म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं!

माझी बहीण पाच दिवसांत पूर्ण रिकामी झाली. तिचं सोनं झालं. तिच्या गोळ्यांनी जंतूंना त्यांची भिंतच बांधू दिली नाही, त्यामुळे ते पटापट फुटून मेले. संघप्रियाचा ताप उतरला, ती पोळी खाऊ लागली, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत लेझीम घेऊन उड्या मारू लागली. सहाव्या दिवशी सकाळी माझी पहिली गोळी गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळी मी वाट बघत बसले आणि कांताबाईचा हात माझ्यापर्यंत येऊन थांबला.

"अहो, ह्या गोळ्या लई गरम असतेत. लेकराच्या तोंडाला छाले येतेत."

नागोराव टीव्हीवरून मान न वळवता म्हणाला, "बरं वाटायलंय ना तिला? मग राहू दे की. पुढच्या वेळेला होतेत."

पुढच्या वेळेला होतात म्हणे! मी काय दिवाळीची उरलेली पणती आहे? गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मला उचलून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकलं. असला डबा तुमच्याही घरी आहे, नाही म्हणू नका. त्यात खोकल्याची चिकट बाटली, कुणाच्या तरी पित्ताच्या गोळ्या, अर्धी मलमाची नळी. सगळ्या अर्धवटांचं संमेलन. आणि तिकडे संघप्रियाच्या घशात, पेशींच्या आत लपलेले जंतू सावकाश बाहेर पडत होते. त्यांना मारायला नऊ गोळ्या तयार होत्या, आणि त्या झाकण लावून कपाटावर ठेवल्या होत्या! माझा नुसता तळतळाट झाला.

आठवड्याने शेजारच्या हंसाबेन आल्या. या मजल्यावर वाटीभर साखर मागावी तशी औषधं मागतात.

"कांताबेन, बंटी का गला दुखता है. कुछ पडा है क्या?"

"है ना! एकदम भारी गोली है," असं म्हणत कांताबाईने माझ्या दोन गोळ्या कात्रीने कापून दिल्या. किती द्यायच्या, किती दिवस द्यायच्या, काही विचार नाही. राहिल्या सात.

एप्रिल उजाडला आणि संघप्रियाचा गुडघा सुजला. लेझीम जास्त झालं, म्हणून कांताबाईने तेल चोळलं. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा सुजला. मग मनगट. पुन्हा ताप. आणि एका सकाळी तीन जिने चढताना पोरगी मध्येच खाली बसली. "आई, दम लागला," म्हणाली.

डॉक्टर सुरुचींनी तिच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. मग विचारलं, "ताई, गोळ्या पूर्ण झाल्या होत्या?"

कांताबाईने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. खोटं बोलली नाही, एवढं मात्र मी मान्य करते.

"सात. आणि या दोन कापलेल्या?"

"बंटीला दिल्या. शेजारच्या."

डॉक्टरांचा आवाज चढला. "त्याला आजच्या आज घेऊन या!" (बंटीला त्याच दिवशी तपासलं. त्याने पुढे सगळं औषध पूर्ण घेतलं. तो वाचला.) मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हळू बोलल्या. "जंतू घशात राहिले, ताई. शरीराने शेवटी त्यांच्या त्या प्रथिनाला ओळखलं आणि त्याला मारणारं हत्यार तयार केलं. पण ते प्रथिन दिसायला आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखंच असतं. आता तेच हत्यार हिच्या हृदयावर चाललंय. एक झडप सुजलीय."

ऐकलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या काळजाने काय घोडं मारलं होतं कुणाचं? नऊ वर्षांचं काळीज ते!

कांताबाईने मला टेबलावर पुढे सरकवलं. "मंग आता द्या की या सात," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता देते."

"आता या सातांनी काही होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. हे जंतू पुन्हा घशात बसू नयेत म्हणून आता दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, कमरेत, तेही खूप दुखणारं. मोठी होईपर्यंत, कदाचित त्याहूनही पुढे. आणि सध्या खेळ बंद, जिना बंद, पडून राहायचं.

नागोरावाने घरी येऊन मला कांताबाईच्या पिशवीतून काढलं, पुन्हा डब्यात टाकलं नाही, आणि इंजेक्शनच्या तारखांच्या कॅलेंडरशेजारी भिंतीला चिकटवलं. तिथून मला गॅलरी दिसते.

चौदा एप्रिलला ढोल वाजायला लागले तेव्हा संघप्रियाला खुर्चीत बसवून गॅलरीत आणलं होतं. अंगात निळा फ्रॉक, तिनेच हट्टाने घातलेला. खाली तिचं पथक आलं. पहिल्या रांगेत तिची जागा कुणीतरी भरली होती. ती रडली नाही. गजावर बोटांनी ताल धरून बसली. एक दोन, एक दोन. कांताबाईने पटकन येऊन तिच्या हातावर हात ठेवला.

"नको गं बाय, दम लागंल."

पोरीने आईकडे वर बघितलं. "आई, बोटांनी पण नको का?"

मित्रांनो, तुम्ही आज घरी जा आणि तो डबा उघडा. कुणाला दहा दिवसांचं औषध दिलेलं असेल तर दहा दिवस द्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नका, कुणाला वाटूही नका. बरं वाटणं आणि बरं होणं यात माझ्या न घेतलेल्या गोळ्यांचं अंतर आहे. कांताबाई रोज माझ्यासमोरून पाणी भरायला जाते. माझ्याकडे बघत नाही. मीही तिला माफ केलेलं नाही, पण खरं सांगते, तिने स्वतःला माझ्याहून कमी माफ केलंय.