भिंतीपलीकडची शीळ

बकुळाताईंच्या रेडिओवर संध्याकाळी सातच्या बातम्या सुरू झाल्या की शीळ वाजायची. चढायची, उतरायची, आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज तिच्यात बुडून जायचा. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट, बदलापूरच्या बेलवलीतली. बकुळाताई शाळेत शिकवत आणि एकट्या राहत.

त्यांनी रेडिओ उल्हासनगरला मूलचंदच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने दुपारभर वाजवून पाहिला. "दीदी, इसमें कुछ नहीं है. एकदम बराबर चालतो."

घरी आणला तर सातला पुन्हा तेच. त्यांनी सेल बदलले, रेडिओ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. बिघाड आपल्या कानातच तर नाही ना, असं त्यांना वाटू लागलं.

शेवटी एका संध्याकाळी, रेडिओ चालूच ठेवून, त्या शेजारच्या धर्मराजभाऊंकडे गेल्या. अंबरनाथच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले भाऊ रोजच्यासारखे सातच्या बातम्यांसाठी कानाला हेडफोन लावून बसले होते. समोर जुना रेडिओ सेट, एकाच व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळीचा.

"जयभीम भाऊ. तुमच्याकडेही शीळ येते का हो?"

"येते ना. हे बटण फार फिरवलं की." भाऊंनी हेडफोन उतरवून बटण पुढे नेलं. भिंतीपलीकडे ताईंचा रेडिओ किंचाळला. मागे घेतलं, तर बातम्या स्वच्छ.

भाऊंनी बटण पुन्हा पुढे नेलं, मागे घेतलं. शीळ आली, गेली.

"पण हा तर नुसता ऐकायचा सेट," भाऊ पुटपुटले. "हा बोलेल कसा?"

रविवारी ते मूलचंदला विचारून आले आणि ताईंना समजावू लागले. "स्टेशनच्या लहरीतून आवाज वेगळा काढतो ना, त्याला डिटेक्टर म्हणतात. माझ्याकडे ते काम एकटा व्हॉल्व्ह करतो, जोर कमी पडतो. म्हणून त्याच्यातून निघालेली थोडी लहर त्या बटणाने परत त्याच्यातच सोडायची. पण जास्त सोडली की तो स्वतःच लहर बनवायला लागतो. ती माझ्या एरियलवाटे तुमच्या रेडिओत शिरते, स्टेशनच्या लहरीत मिसळते, आणि शीळ वाजते."

"म्हणजे इतके दिवस मी तुम्हालाच ऐकत होते?"

"नाही. म्हणजे, हो." भाऊ ओशाळले. "मलाही अर्धंच कळलंय, ताई."

त्यांनी बटणाशी लाल रंगाची खूण केली. तिच्यापुढे जायचं नाही, असं ठरलं. तरी दूरचं स्टेशन पकडताना हात कधीकधी पुढे जाई. मग ताई भिंतीवर दोनदा थाप मारत, आणि भाऊ घाईघाईने बटण मागे घेत.