टेलरबाईंचा पाय

टेलरबाईंचा उजवा पाय आता त्यांचं ऐकेनासा झाला होता. गुडघा दुखायचा तो वेगळाच, पण त्याच्या एमआरआयसाठी त्या दोनदा बोगद्यात झोपून आल्या आणि दोन्ही वेळा फोटो हलला. आत यंत्राची धडधड सुरू झाली की पाय आपोआप टाच-चवडा, टाच-चवडा करायला लागायचा. उभा जन्म शिलाई मशीनचं पायडल मारण्यात गेलेला, ठोका पडला की चालायचं एवढंच त्याला ठाऊक. जित्याची खोड, दुसरं काय.

लाजेपायी हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. बाई घाबरतात, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. हाडांच्या डॉक्टरांनी साध्या एक्स-रेवरून 'वयाची झीज' म्हणत हात झटकले आणि लेकाला आयतंच कोलीत मिळालं.

"आई, आता बस झालं," तो म्हणाला. "या वेळीही फोटो नाही आला, तर मशीन देऊन टाकायचं. उद्या एक जण बघायला येतोय. रात्रभर तू कण्हतेस, मला झोप लागत नाही."

"मग कानात कापूस घाल," टेलरबाई म्हणाल्या. "मशीन माझं, गुडघा माझा, आणि गिऱ्हाईक तू बोलावतोस?"

लेक वाईट नव्हता. पण काळजी करता करता माणसाला अडगळीत टाकता येतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तपासणी केंद्रात पोचल्यावरही त्याने तेच केलं. "या वेळी त्यांना झोपेचं इंजेक्शनच द्या," असं तो काउंटरवर सांगून मोकळा झाला.

"मला झोपवून माझं माप घ्यायचं नाही," टेलरबाईंनी आत गेल्या गेल्या बजावलं.

फोटो काढणारी तंत्रज्ञ बाई तोंडाची फटकळ होती. "मग हलता कशाला?"

टेलरबाई पहिल्यांदाच खरं बोलल्या. "ठोक्यावर पाय चालतो हो माझा. त्याला वाटतं, शिवतोय आपण."

तंत्रज्ञ बाई खळखळून हसली. "हे आधी नाही का सांगायचं? आता नवी पद्धत आलीय आमच्याकडे. पूर्वी अर्धा तास लागायचा, आता पाच मिनिटांत गुडघा उरकतो."

उरकतो म्हटल्यावर टेलरबाईंच्या कपाळावर आठी पडली. घाईत उरकलेलं शिवण पहिल्या धुण्यात उसवतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. "पाच मिनिटांत करता म्हणजे काहीतरी गाळत असणार. काय गाळता?"

"मापं. पूर्वी सगळी घ्यायचो. आता मोजकी घेतो आणि मधलं संगणक जुळवतो. ढीगभर गुडघे दाखवून शिकवलंय त्याला."

"आणि जुळवताना नसलेलंच काही घुसडलं तर?"

"म्हणून तर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बघतात. तुम्ही तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाची सगळी मापं घेता का?"

टेलरबाई घेत नसत. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ मी पायाला धाकात ठेवते. सुई नको."

गुडघ्याभोवती प्लॅस्टिकचा पिंजरा बसला, बाजूंना स्पंजच्या उशा कोंबल्या गेल्या आणि धडधड सुरू झाली. चवडा लगेच शिवशिवला. गप पड मेल्या, असं दटावून पाहिलं, पण त्याला काय त्याचं. मग टेलरबाईंनी मनातल्या मनात एक कोट मांडीवर घेतला आणि त्या काजं करायला बसल्या. काज हाताने करायचं असतं, तेव्हा पायाला सुट्टी. त्या सावकाश टाका घालत राहिल्या, दोरा ओढत राहिल्या. ठोका बदलला, जलद झाला, तरी त्यांनी काजावरून नजर काढली नाही. अर्धा तास हे जमलं नसतं. दोऱ्याला गाठ मारणार, तोच सगळं शांत झालं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर गुडघा दाखवला. बटणासारखा स्वच्छ आला होता. "झीज थोडी आहे, पण दुखणं तिचं नाही. सांध्यातली गादी मुळाशी सुटलीय. ती टाके घालून जागेवर बसवता येईल."

"या वयात, डॉक्टर?" लेकाने विचारलं.

"मीही वयाचंच धरून बसलो होतो. चुकलं माझं. पण कित्येक महिने पायडल बंद. आणि पुढे पूर्वीसारखं चालवता येईलच, असं वचन मी देत नाही."

"ऐकलंस ना?" लेक आईकडे वळला. "वचन देत नाहीत ते. मग मशीन कशाला ठेवायचं?"

"वचन मागितलंय कोणी?" टेलरबाईंचा आवाज चढला नाही, पण राग लपलाही नाही. "टाके घाला, डॉक्टर. आणि तू त्या माणसाला फोन लाव."

लेकाने फोन लावला. तो कानाला नेणार, तोच त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला.

"मी मशीनची मालकीण बोलतेय. उद्या येऊ नका, विकायचं नाहीये."

मग कधी येऊ, असं पलीकडून विचारलं असावं.

"मी मेल्यावर या," टेलरबाई म्हणाल्या. "आणि निघण्याआधी एकदा मलाच फोन करून विचारा."